उतारावर घर बांधताय? कॉम्प्युटरवरच्या नकाशात जमीन सपाट नाही ना, ते आधी बघा

पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात घरासाठी सपाट जागा मिळणं अवघड. बांधायचं तर उतारावरच. आता इंजिनिअर कॉम्प्युटरवर अख्खं घर फिरवून दाखवतात, रंग-जिन्यासकट चित्र मोबाइलवर पाठवतात. दिसायला झकास. पण त्या चित्रातलं घर बऱ्याचदा सपाट हिरवळीवर उभं असतं, आणि आपली जागा तशी नसते.

रेव्हिट असो की स्केचअप, नवीन काम उघडलं की सॉफ्टवेअर सपाट पातळीवरूनच सुरुवात करतं. खांब काढले की सगळ्यांचे तळ एकाच लेव्हलला बसतात. उतार आपोआप येत नाही. जागेवरच्या उंचीची मापं भरली तरच तो मॉडेलमध्ये दिसतो. मग प्रत्येक खांबाचा तळ जमिनीप्रमाणे वर-खाली करावा लागतो. भिंतीखालचा पाया असेल तर तो भातखाचरांसारखा टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो. प्रत्येक टप्प्याचा तळ मात्र आडवा सपाटच हवा, तिरका पाया चालत नाही.

हे केलं नाही तर पहिला फटका खिशाला. समजा घर ४० बाय ३० फूट आहे आणि ४० फुटांत जमीन ५ फूट उतरते. वरच्या बाजूला जोतं दीड फूट ठेवलं तर खालच्या बाजूला ते साडेसहा फूट होतं. सरासरी ४ फूट. म्हणजे भराव ४,८०० घनफूट, ४८ ब्रास. सपाट जागेत हाच भराव १८ ब्रासमध्ये होतो. वरचा ३० ब्रास मुरूम आणि खालच्या बाजूची उंच दगडी भिंत अंदाजपत्रकात नसली, की काम जोत्यावरच अडकतं. उतार नीट भरलेल्या मॉडेलमधून खुदाई-भरावाचा हिशोब आधीच निघतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. भराव टाळून घर खांबांवर उभं केलं, तर डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब होतात. आखूड खांब जास्त मजबूत, असं वाटतं. भूकंपात उलटं होतं. एकाच जाडीचा, पण अर्ध्या उंचीचा खांब साधारण आठपट ताठ असतो, त्यामुळे हादऱ्याचा जास्तीचा जोर तोच ओढून घेतो आणि आधी तोच फुटतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडं कुणाला सांगायला नको. सपाट मॉडेलमध्ये सगळे खांब सारखे दिसतात, म्हणून हा धोका कागदावर येतच नाही. तो दिसला तरच खांबांची जाडी आणि सळई त्या हिशोबानं ठरते.

मापं घ्यायला मोठं यंत्रच लागतं असं नाही. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी पुरते. दर १० फुटांवर खुंटी मारा, ४० बाय ३० च्या जागेत २० खुंट्या होतात. प्रत्येकीची उंची लिहून इंजिनिअरला द्या. मोबाइलमधल्या उंचीच्या ॲपवर विसंबू नका, त्यात काही मीटरचा फरक पडतो. गुगलच्या नकाशावरून उचललेला चढ-उतारही दोन-तीन गुंठ्यांसाठी फार ढोबळ असतो.

इंजिनिअरकडं नुसतं रंगीत चित्र मागू नका. घर उतारावर उभं चिरलेलं, म्हणजे सेक्शन मागा. त्यात मूळ जमिनीची रेघ आणि प्रत्येक फुटिंग दिसलं पाहिजे. फुटिंग भरावावर टेकलेलं नको, मूळ घट्ट जमिनीत किमान ५० सेंटिमीटर खाली हवं. आयएस १९०४ या मानकाप्रमाणे फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर मातीत किमान ९० सेंटिमीटर आणि खडकात ६० सेंटिमीटर लागतं. दरीकडच्या फुटिंगला हे अंतर टेप लावून तपासता येतं, काँक्रीट ओतायच्या आधी. डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी वळवणारी चरही त्याच सेक्शनमध्ये काढून घ्या.