परसातले आजारी झाड : ठेवावे की पाडावे?



घर घेताना आपण काय काय पाहतो? शाळा कशी आहे, ट्रेनचे स्टेशन किती लांब, बेसमेंटला ओल आहे का, देवघर कुठे बसेल. इन्स्पेक्टर येऊन छप्पर, फर्नेस आणि नळ तपासून जातो. घरामागच्या साठ-सत्तर फुटी झाडाकडे मात्र "वा, सावली छान आहे" यापलीकडे कोणी पाहत नाही. काही वर्षांनी त्याच झाडाचा शेंडा बोडका होतो, आणि एक दिवस शेजारी कुंपणावरून विचारतो, "याचे काय करणार आहात?"

हा प्रश्न मंडळाच्या इतक्या घरांतून कानावर आला की यावर एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. आम्ही रसायनशास्त्राचे, वनस्पतिशास्त्राचे नव्हे. पण धोका मोजणे हे प्रयोगशाळेतले आमचे रोजचे काम, आणि झाडाचा धोका मोजण्याची रीत त्याहून फार वेगळी नाही. बाकीचे इथल्या वृक्षतज्ज्ञांकडून विचारून घेतले.

आपल्या मंडळींत याबाबत दोन पंथ दिसतात. एक, पानावर डाग दिसला की करवतवाल्याला फोन करणारे. दुसरे, "जिवंत झाड कशाला तोडायचे, पाप लागते", किंवा "खर्च पुढच्या वर्षी बघू" म्हणून वाट पाहणारे. पहिले विनाकारण हजारो डॉलर आणि सावली घालवतात. दुसरे कधी कधी छप्पर घालवतात, आणि छपराखाली माणसे झोपलेली असतात.

धोका म्हणजे नेमके काय?

आमच्या प्रयोगशाळेत गंधकाम्लाची बाटली आहे. आम्ल जहाल आहे, पण कपाटात, घट्ट झाकणाखाली असेपर्यंत त्यापासून धोका फारसा नाही. तीच बाटली टेबलाच्या कडेला उघडी ठेवली आणि शेजारी कोणी काम करत असेल तर गोष्ट वेगळी. पदार्थ तोच, धोका वेगळा.

झाडाचेही तसेच. वृक्षतज्ज्ञ तीन प्रश्न विचारतात. पहिला : झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता किती? दुसरा : मोडली तर ती कशावर पडेल, आणि तिथे कोणी असण्याची शक्यता किती? तिसरा : पडली तर नुकसान केवढे? तिन्ही उत्तरे एकत्र केली की धोका कळतो. म्हणून परसाच्या टोकाला, रानाच्या कडेला उभे असलेले पूर्ण मेलेले झाडही बहुधा तसेच ठेवता येते. सुतार पक्षी आणि घुबडे त्यात सुखाने राहतात. उलट मुलांच्या बेडरूमवर झुकलेली एकच वाळकी जाड फांदी तातडीची असते.

एक सोपी कसोटी : झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर बुंध्यापासून चहूकडे मोजा. त्या वर्तुळात काय काय येते? बेडरूम, डेक, मुलांचा झोका, ड्राइव्हवे, शेजाऱ्याचे घर? यातल्या कोणत्या जागी माणसे रोज तासन्‌तास असतात? आजी-आजोबा भारतातून आले की दुपारी ज्या झाडाखाली खुर्ची टाकून बसतात, ते झाड आधी तपासा. झोका किंवा खुर्ची दहा मिनिटांत हलवता येते. धोका कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच.

सगळे रोग सारखे नसतात

न्यू जर्सीत २०१८ पासून दिसणारा ठिपक्यांचा लँटर्नफ्लाय पाहून पुष्कळजण घाबरले. डेकवर चिकट रस पडतो, त्यावर काळी बुरशी धरते, किळस येते. पण मोठ्या मेपलला तो सहसा मारत नाही. त्याच्यासाठी झाड पाडू नका.

ओकच्या पानांच्या कडा उन्हाळ्याच्या अखेरीस करपल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या आणि दरवर्षी तेच दिसले, तर तो बहुधा जिवाणूंमुळे होणारा 'लीफ स्कॉर्च' असतो. तो बरा होत नाही, पण झाड अनेक वर्षे हळूहळू खंगत जाते. इथे घाई नको, लक्ष हवे : वाळक्या फांद्या वेळेवर काढायच्या आणि जवळपास नवे झाड लावून ठेवायचे.

तिसरे म्हणजे ॲश, आणि इथे मात्र वाट पाहणे महागात पडते. पूर्व आशियातला एक हिरवा, चकाकता, अर्ध्या इंचाचा भुंगेरा, एमराल्ड ॲश बोरर, मालाच्या लाकडी खोक्यांतून अमेरिकेत आला असावा असे मानतात. २००२ साली तो डेट्रॉइटच्या परिसरात सापडला, आणि २०१४ साली आपल्या न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिराला जाताना आपण जी काउंटी ओलांडतो तीच. या किड्याने अमेरिकेत कोट्यवधी ॲश मारले आहेत. गंमत म्हणजे, डच एल्म रोगाने रस्त्यांवरचे एल्म गेले तेव्हा त्यांच्या जागी बऱ्याच गावांनी हौसेने ॲशच लावले होते.

अळी सालीखाली नागमोडी बोगदे करते आणि पानांनी बनवलेले अन्न खाली नेणारा थर तोडते. पहिली काही वर्षे बाहेरून काही दिसत नाही. मग शेंडा विरळ होतो, सुतार पक्षी अळ्यांसाठी साल सोलून खोड फिकट करतात, बुंध्यातून नवे कोंब फुटतात, आणि सालीवर इंग्रजी 'डी' अक्षरासारखी, जेमतेम आठवा भाग इंच रुंदीची भोके दिसतात. त्यानंतर झाड दोन-चार वर्षांत मरते. मेलेला ॲश फार लवकर वाळून ठिसूळ होतो, कधी नुसत्या वाऱ्यानेही फांद्या गळतात. अशा झाडावर चढायला अनुभवी कामगारही नकार देतात. मग क्रेन किंवा बकेटचा ट्रक लागतो आणि खर्च वाढतो. म्हणजे वाट पाहण्यात पैसेही वाचत नाहीत.

आपला ॲश ओळखावा कसा? एकाच देठावर समोरासमोर जोडीने पाच ते अकरा पर्णिका, फांद्याही समोरासमोर, आणि जुन्या सालीवर चौकटींची जाळी. मोगरा, जाई आणि पारिजातक याच कुळातले हे ऐकून आम्हालाही नवल वाटले होते.

झाड वाचवता येते का? येते, पण वेळेत. शेंड्याची साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी पाने गेलेली असतील तर उपचाराचा उपयोग होण्याची चांगली शक्यता असते. बुंध्यात इमामेक्टिन बेंझोएटचे इंजेक्शन देतात. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणाऱ्या रेणूत थोडा फरक करून ते बनवतात. आयव्हरमेक्टिन त्याचाच चुलतभाऊ. त्याचा असर दोन ते तीन वर्षे टिकतो. दुसरा एक उपाय ऐकून तुम्हाला घरची आठवण येईल : कडुनिंबाच्या बियांतले अझाडिरॅक्टिन. कीड फार वाढलेली नसेल तेव्हा तेही वापरतात. गुढीपाडव्याला आपण पाने चावतो, त्याच झाडाचा हा गुण. मात्र उपचार एकदा करून भागत नाही, चालू ठेवावा लागतो. निम्मा शेंडा गेलेल्या झाडावर औषधाचे पैसे घालू नका, ते पाडण्याकडे वळवा.

हिरवे झाड म्हणजे मजबूत झाड नव्हे

२९ ऑक्टोबर २०१२ ची सँडीची रात्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या रात्री उन्मळलेल्यांत हिरवीगार झाडेही होती. पाने आपल्याला झाडाची भूक सांगतात, हाडांची ताकद नव्हे.

लाकूड म्हणजे सिमेंट काँक्रीट समजा : सेल्युलोज ही लोखंडी सळई, लिग्निन हे सिमेंट. काही बुरशा सळई खातात, मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत भेगाळते. यात वजन फारसे घटण्याआधीच ताकद गेलेली असते. काही बुरशा सिमेंटसकट सारे खातात, तिथे लाकूड पांढरट, धाग्याधाग्यांचे होते. दोन्हींत वर पाने हिरवीच राहू शकतात, कारण पाणी नेणारा थर बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून वर पाहण्याआधी खाली पाहा :

१. बुंध्याशी किंवा मुळांवर आळंबी, किंवा खोडावर फळीसारखी कडक बुरशी आहे का?
२. एका बाजूची माती उचललेली, भेगाळलेली दिसते का? पूर्वी सरळ असलेले झाड अलीकडे कललेले आहे का? हे दिसले तर त्याच दिवशी फोन करा आणि त्या बाजूला कोणाला जाऊ देऊ नका.
३. दोन सारख्याच जाड खोडांचे अरुंद बेचके, मध्ये साल दबलेली आणि खाली चीर आहे का?
४. ढोली आहे का, साल सुटून पडते आहे का?
५. गेल्या काही वर्षांत डेक, ड्राइव्हवे किंवा वाढीव खोलीसाठी मुळे तोडली गेली का?
६. भर जूनमध्ये बिनपानांच्या जाड फांद्या आहेत का?

ढोली दिसली म्हणजे झाड गेलेच असे नाही. पोकळ नळीही बरेच वजन पेलते. बाहेरची निरोगी भिंत किती जाड उरली हे महत्त्वाचे, आणि ते तज्ज्ञ ठोकून किंवा बारीक सुई घालून पाहतात. ढोलीत सिमेंट मात्र भरू नका. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती भिंत घालते, आणि आपण खरवडून ती भिंतच फोडतो.

ही पाहणी दरवर्षी जूनमध्ये आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर करा. फोटो काढून तारीख घाला.

कोणाला बोलवावे, काय विचारावे

न्यू जर्सीत झाडांचा व्यवसाय करायला राज्याच्या वृक्षतज्ज्ञ मंडळाची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, आणि लायबिलिटीच्या व कामगारांच्या विम्याचा दाखला पाहा. आधी परवानाधारक तज्ज्ञाकडून लेखी मत घ्या. शक्यतो मत देणारा आणि झाड पाडून पैसे घेणारा वेगवेगळा असावा. वादळानंतर दारावर येऊन "आज रोख दिलेत तर अर्ध्या भावात" म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्या. "शेंडा छाटून देतो" म्हणणाऱ्यालाही, कारण तशा आडव्या कापातून कूज शिरते आणि नवे कोंब कच्चे असतात. तार झाडाला टेकलेली असेल तर आधी वीज कंपनी. खुंट उखडण्याआधी ८११ ला फोन. शिडी आणि चेन सॉ घेऊन स्वतः वर चढू नका, पीएच.डी. असली तरी!

मुंबई-पुण्यात आपल्याच आवारातले झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे अनेकांना ठाऊक आहे. इथे तसे काही नाही, असा समज असतो. तो खरा नाही. पुष्कळ टाउनशिपांत परवाना लागतो, आणि मेलेल्या किंवा धोकादायक झाडाला बहुधा सवलत मिळते. तज्ज्ञाचे लेखी मत तिथेही उपयोगी पडते. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधले झाड अनेकदा टाउनशिपचे असते, ते तिला कळवा.

विम्याचे साधारण असे : झाड घरावर पडले तर ते कोणाचेही असो, ज्याचे घर त्याचा विमा भरपाई देतो. उभे झाड पाडण्याचा खर्च विमा देत नाही. झाड मेलेले आहे हे माहीत असूनही मालकाने काही केले नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून शेजाऱ्याचे झाड तुमच्या घरावर झुकले असेल तर आधी चहाला बोलावून सांगा, आणि नंतर फोटोंसह सर्टिफाइड पत्रही पाठवा. तुमच्या झाडाबद्दल असे पत्र आले तर रागावू नका. ते कोणीतरी तुमच्यावर केलेले उपकारच समजा.

आणखी एक. मंडळाच्या कॅम्पिंगला शेकोटीसाठी घरचे लाकूड गाडीत घालून आणू नका. किड्याच्या अळ्या त्यातूनच गावोगाव पोचल्या. लाकूड कॅम्पजवळच विकत घ्या.

पाडावेच लागले तर थंडीत पाडा. जमीन कडक असते आणि कामे कमी असल्याने भावही बरा मिळतो. पण धोका आज असेल तर थंडीची वाट पाहू नका. आणि त्या जागी पुन्हा एकाच जातीची रांग लावू नका. एक ओक, एक रेडबड, एक सर्व्हिसबेरी असे वेगवेगळे लावा, घरापासून बेताच्या अंतरावर. झाड तोडण्याचे पाप लागत असेल, तर आमच्या मते तीन नवी झाडे लावल्यावर ते नक्कीच फिटते.