‘होल्ड आउट’ आणि लखनौचा वेढा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला मोठे शब्द फारसे अडवीत नाहीत. त्यांचा अर्थ कोशात सापडतो. अडवितात ती लहानसहान शब्दांची जोडक्रियापदे. ‘होल्ड’ म्हणजे धरणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, एवढे ठाऊक असूनही ‘होल्ड आउट’ चा अर्थ हाती येत नाही. तो समजून घेण्यास लखनौचा इतिहास उपयोगी पडतो.

३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. हॅवलॉक व औट्रम यांची फौज २५ सप्टेंबरला आत शिरेपर्यंत तेथील शिबंदी ‘होल्ड आउट’ करीत होती; म्हणजे तिने तग धरला होता. येथे कर्ता माणूस आहे आणि वाक्यात कर्म नाही.

पण आतले धान्य किती दिवस ‘होल्ड आउट’ करणार, हीही विवंचना होतीच. आता कर्ता धान्य. म्हणून मराठीत म्हणावयाचे ‘पुरणार’. ते लवकरच संपेल या समजुतीने बाहेरच्या फौजेने घाई केली. प्रत्यक्षात साठा अपेक्षेहून पुष्कळ अधिक निघाला. तो करून ठेवणारे सर हेन्री लॉरेन्स ४ जुलैलाच मरण पावले होते.

वाक्यात कर्म आले की अर्थ पालटतो. हात, आशा किंवा वचन ‘होल्ड आउट’ करणे म्हणजे ते पुढे करणे. मार्च १८५८ मध्ये लखनौ इंग्रजांच्या हाती गेले. १ नोव्हेंबरला राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याने, इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग न घेतलेल्यांपुढे माफी ‘होल्ड आउट’ केली. अवधच्या बेगम हजरत महल यांनी प्रतिजाहीरनामा काढून त्या वचनांवर विसंबू नका, असे लोकांना बजावले. त्या शरण गेल्या नाहीत. १८७९ मध्ये नेपाळातच त्यांचे देहावसान झाले. राणीने माफी ‘होल्ड आउट’ केली आणि बेगमेने नुसतेच ‘होल्ड आउट’ केले! शब्द तेच, एकीने हात पुढे केला, दुसरीने तो नाकारला.

म्हणून अशा क्रियापदाचे दोन तुकडे सुटे करून अर्थ शोधू नये. कर्ता कोण, कर्म आहे की नाही, हे आधी पाहावे. यात इंग्रजीचेच काही विशेष आहे असेही नाही. आपण धीर धरतो, मूल हट्ट धरते आणि पाऊस जोर धरतो. यांपैकी हातात मात्र कोणीच काही धरीत नाही.