पोट दुखते, पण शाळेच्याच दिवशी



कन्नड, सोयगावकडच्या भिल्ल वस्त्यांवर मुले शाळेत का येत नाहीत असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : आळस, नाहीतर आईबापांचे दुर्लक्ष. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कारण वेगळे आणि खरे आहे. पण काही घरांत आईबाप रोज दप्तर भरून देतात, तरी मूल शाळेपर्यंत पोहोचत नाही.

सकाळी त्याचे पोट दुखते, मळमळते, हातपाय गार पडतात. शाळेची वेळ टळली की ते खेळू लागते. रविवारी उपासनेला तर सर्वांच्या पुढे! मग घरचे त्याला ढोंगी म्हणतात. पण भीतीने पोट खरेच दुखते. १९४१ मध्ये अमेरिकेत अॅडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांविषयी लिहिले, तेव्हा आईपासून दूर होण्याची भीती त्यांना ठळक दिसली. आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक भर पडते. घरात भिली बोलायची आणि वर्गात पुस्तकी मराठी. एक शब्द चुकला की हशा.

एका घराचे सांगते. मुलगी तिसरीत. आई कपाशी वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे मुलीची समजूत घालण्यात सकाळ गेली की पैसे गेले. उशीर होऊ लागला तशी टोळीतल्या बायकांनी तिला हाक मारणे सोडले. बाप मारायचा, आजी पाठीशी घालायची, त्यावरून नवराबायकोत भांडण. अंगारा झाला, सलाईन झाली, उसनवारी वाढली. शेवटी धाकटीला सांभाळायला सातवीतली बहीण घरी बसली. भीती एकीची, शाळा दोघींची सुटली.

घरी ठेवले की मुलाला लगेच बरे वाटते, आणि तोच आराम दुसऱ्या दिवशीची भीती वाढवतो. म्हणून मारू नये, तसे नुसते घरीही ठेवू नये. आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्यावे. मग गुरुजींशी बोलून थोडे थोडे पुढे जावे : काही दिवस फाटकापर्यंत, मग एक तास, मग खिचडीच्या सुट्टीपर्यंत. शाळेत मार किंवा अपमान होत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ त्याला मनाई करते. हे वस्तीवर फारसे कोणाला ठाऊक नसते. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण तिथे जायचे म्हणजे आणखी एक रोज बुडतो. त्याआधी १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतूनही.

ती मुलगी आता चुलत भावाबरोबर खिचडीच्या सुट्टीपर्यंत बसते. आई पुन्हा टोळीबरोबर निघते. मोठीचा अभ्यास मात्र बराच मागे पडला आहे. “ताई, तिच्या सरांना तुम्हीच भेटा,” असे आईने सांगितले आहे. येत्या सोमवारी जाणार आहे.