उपाशी पोटी, साडेसातला

पहाटे ५.४५. पालेगाव, अंबरनाथ पूर्व. ओट्यावर चहा उकळतोय, शेजारी तिची पेटी उघडी. सुया, टूर्निकेट, स्पिरिटचा कापूस, बर्फाचे जेलपॅक, वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा. ती डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, झालेली. पगार चौदा हजार. घरी जाऊन रक्त घेतलं की वर तीस रुपये. स्कूटर आणि पेट्रोल तिचंच.

६.४०. टॉवरचं गेट. वॉचमनच्या वहीत नाव, नंबर, वेळ. चौदाव्या मजल्यावर काका उपाशी बसलेत. शुगरसाठी राखाडी झाकण, सीबीसीसाठी जांभळं. ट्यूब जोरात हलवायची नाही, आठदहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करायची.

७.३०. जुन्या गावातलं घर. इथे वेळ चुकवून चालत नाही. ताईंना बायपोलरसाठी लिथियम चालू आहे. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं.
"रात्रीची गोळी कधी घेतलीत?"
"साडेसातला."
"सकाळची?"
"तू येईपर्यंत थांबले."
हिरव्या झाकणाची ट्यूब ती इथे काढतच नाही. तिच्यातल्या हेपरिनमध्येच लिथियम असू शकतं, मग आकडा खोटा वाढतो.

८.१५. पुन्हा टॉवर. आनंदनगर एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला मुलगा. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, फरक कमी. चिठ्ठीवर टीएसएच, बी-१२, व्हिटॅमिन डी आणि एचएस-सीआरपी.
"सर्दी, ताप, कुठे लागलंय?"
"दाढ ठणकतेय, ताई."
ती फॉर्मवर 'दाढदुखी' लिहिते. टूर्निकेट मिनिटाच्या आत सोडते. एचएस-सीआरपीचे सहाशे रुपये तो जीपेने देतो.
"यात कळेल ना, डिप्रेशन आहे का ते?"
"रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा."

१०.३०. स्टेशनजवळची लॅब. रक्त गोठायला अर्धा तास लागतो, तो वाटेतच झाला. ट्यूबा सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर लावायच्या, वजन सारखं, नाहीतर मशीन थरथरतं. दहा मिनिटांनी वर पिवळं सीरम, खाली लाल गोळा.

१२.००. सीरम मशीनमध्ये. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठे दाह झाला की आयएल-६ नावाचा निरोप यकृताला जातो आणि काही तासांत ते वाढू लागतं. त्याचा शोध १९३० चा, न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात लागलेला. मशीनमधल्या लेटेक्सच्या बारीक कणांवर त्याची अँटिबॉडी बसवलेली असते. कण एकमेकांना चिकटतात, द्रव गढूळ होतो, त्या गढूळपणावरून आकडा निघतो. मुलाचा ४.६.

२.१०. डबा. पोळी, गवारीची भाजी. पॅथॉलॉजिस्ट मॅडम रिपोर्ट तपासत जेवतात. तीनच्या वर म्हणजे थोडा जास्त, त्या सांगतात. डिप्रेशनच्या साधारण चौघांतल्या एकाचा असा निघतो. बाकी तिघांचा नाही, म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. वजन, सिगारेट, हिरड्या, अपुरी झोप यांनीही तो वाढतो. अमेरिकेत, अटलांटाला, गोळ्यांना दाद न देणाऱ्या साठ जणांपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाह कमी करणारं औषध देऊन पाहिलं, निम्म्यांना खोटं; निकाल २०१३ साली छापून आला. सगळे मिळून धरले तर खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांचा सीआरपी पाचच्या वर होता, त्यांना मात्र उपयोग झालासा दिसला. "पण सीआरपी बघून डिप्रेशन आहे की नाही हे सांगता येत नाही," मॅडम सही करतात. खाली शेरा : दाढदुखीची नोंद, बरी झाल्यावर पुन्हा तपासावे.

४.३०. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. ती ट्रे पुसते, भरलेला पांढरा डबा बंद करते. पिवळी आणि लाल पिशवी वेगवेगळी, उद्या गाडी नेईल.

७.१५. घरी. आज नऊ घरं, दोनशे सत्तर रुपये. पेट्रोल एकशे दहाचं. फोन वाजतो. रात्रपाळीला निघालेला तोच मुलगा.
"डॉक्टर म्हणाले आधी दाढ दाखव, मग पंधरा दिवसांनी परत कर. पुन्हा सहाशे?"
"हो. घरी यायचे वेगळे शंभर. लॅबमध्ये आलात तर ते वाचतील."
"आणि गोळी?"
"ती डॉक्टर सांगतील तशीच. मनाने बंद करू नका, दादा."
ती वहीत तारीख टाकते. पुढे कंसात : लॅबमध्ये येणार.