सर्टिफिकेट तपासू नका, असं कुणी सांगितलं तर

मागच्या बैठकीत पोलादपूरच्या एका ताईंनी विचारलं, "घरच्या वायफायला नुसता पासवर्ड पुरतो. लेकीच्या कॉलेजात नाव, पासवर्ड आणि वर सर्टिफिकेट मागतायत. तिनं काय दाबायचं?" महाडला, लोणेऱ्याला, मुंबईला शिकणाऱ्या पोरी आपल्या सगळ्यांच्याच आहेत, म्हणून आज हेच बोलूया.

घरचं वायफाय म्हणजे कोनाड्यात ठेवलेली एकच किल्ली. मजकूर हवेतून कुलपात बंद होऊन जातो खरा, पण डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत तोच पासवर्ड ठाऊक असलेला जाणकार दुसऱ्याचं कुलूप उघडू शकतो.

कॉलेजात, मोठ्या ऑफिसात बहुधा 'एंटरप्राइझ' पद्धत असते. ती आपल्या गटासारखी, प्रत्येकीचं पासबुक वेगळं. सर्व्हर नाव-पासवर्ड तपासतो आणि प्रत्येक फोनला वेगळी किल्ली देतो, दर जोडणीला नवी. एक मुलगी कॉलेज सोडून गेली तर तिचंच खातं बंद होतं, बाकीच्यांना त्रास नाही.

आता सर्टिफिकेट. वायफायला नाव कुणीही, काहीही देऊ शकतं. एसटी स्टँडवर बसून कुणी कॉलेजच्याच नावाचं वायफाय सुरू केलं, तर फोन त्यालाही जोडायला जातो आणि पासवर्ड भलत्याच्या हाती लागू शकतो. बऱ्याच ठिकाणी तोच पासवर्ड ईमेलला आणि निकालालाही असतो. कर्जाचा हप्ता घ्यायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र आपण बघतो ना? सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र.

जुन्या अँड्रॉइड फोनवर 'तपासू नका' असा पर्याय असतो. वायफाय लवकर लागतं म्हणून मैत्रिणी तोच दाबायला सांगतात. अँड्रॉइड ११ पासून तो काढून टाकायला सुरुवात झाली, ते बरंच झालं. पण घरात नवा फोन कुणाला आणि जुना कुणाला मिळतो, हे आपल्याला माहीत आहे!

त्या ताईंना आम्ही सांगितलं, लेकीला कॉलेजच्या संगणक विभागात जाऊ दे. तिथून डोमेनचं नाव कागदावर लिहून घ्यायचं. फोनमध्ये 'सिस्टिम सर्टिफिकेट वापरा' निवडून ते डोमेन अक्षर न् अक्षर भरायचं. कॉलेजचं सर्टिफिकेट वेगळं असेल, तर ते त्यांच्याकडूनच फोनमध्ये घालून घ्यायचं. आधी 'तपासू नका' दाबलं असेल, तर ते वायफाय फोनमधून काढून पुन्हा जोडायचं, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा.