पेटी अडली, पण दुखणे पंपाचे निघाले



आपल्यापैकी काहींच्या वस्तीवर हल्ली एक पेटी आली आहे. दुकानदार तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. आत लिथियमची बॅटरी, तिच्या जोडीला इन्व्हर्टर, दर्शनी बाजूस लहानसा पडदा आणि उचलावयास मूठ. लाइट गेली की चार दिवे, दोन पंखे, मोबाइल, फवारणी पंपाची बॅटरी एवढे काम ती बिनबोभाट करते. मात्र एखादे दिवशी पडद्यावर इंग्रजी ‘ई’ आणि त्यापुढे आकडा उमटतो, पेटी कुईकुई करते आणि बंद पडते. मग माणूस घाबरतो, चिडतो आणि पुष्कळदा नको ते करून बसतो. मीही करणार होतो. ती हकीकत सांगतो.

मागच्या वैशाखात आमच्या शिवारातले रोहित्र जळाले. दुसरे येईपर्यंत आठवडा जाणार हे धरूनच चालावयाचे. वस्तीवर सहा जनावरे, घरात नऊ माणसे. टँकरचे पाणी खालच्या हौदात पडते आणि अर्ध्या एच.पी.च्या पंपाने वरच्या काळ्या टाकीत चढते. पेटी १००० वॅटची. अर्धा एच.पी. म्हणजे ३७३ वॅट. हिशेब सोपा वाटला. पिन लावली, बटण दाबले. पंप नुसता ‘हूंऽ’ म्हणाला, पडद्यावर आकडा आला, पेटी बंद. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. असे दहा-बारा वेळा केले असेल. शेवटी घरच्यांनी बादल्या लावल्या. वैशाखातल्या उन्हात सहा जनावरांना बादलीने पाणी पाजणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

गावात एक पोरगा मोबाइल दुरुस्त करतो. तो म्हणाला, “काका, आतलं संरक्षणाचं सर्किट नाटक करतंय. ते डायरेक्ट करून देतो, परत बंद पडायची न्हाई.” आपल्याला ही भाषा लगेच पटते. स्टार्टरचा रिले सारखा पडतो म्हणून त्यात काडी खोचून ठेवणारे, फ्यूजला बारीक तारेऐवजी जाड तार गुंडाळणारे आपल्यात थोडे नाहीत. मी स्वतः त्यातलाच. त्यापायी दोनदा मोटार जळून रिवाइंडिंगचे पैसे मोजले आहेत, तरी खोड जात नाही. पण पेटीवर वॉरंटीचे सील होते आणि आमच्या मंडळींनी सांगितले, “सील तोडायच्या आधी शहरात दाखवून या.” म्हणून निघालो.

सेंट्रल बसस्थानकावर उतरून रिक्षाने शहागंज गाठले. घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोडे आत एक वयस्क मिस्त्री बसतात. आमच्या वडिलांचा रेडिओ त्यांनीच दुरुस्त केला होता. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. पेटी टेबलावर ठेवून म्हटले, “चाचा, ही खोलून बघा.”

चाचांनी पेचकसाला हातसुद्धा लावला नाही. आधी शंभराचा दिवा लावला. चालला. मग दुकानातली ७५० वॅटची इस्त्री लावली आणि चहा मागवला. चहा संपेस्तोवर इस्त्री तापत राहिली, पेटी हूं की चूं नाही.

“हाच पंप या पेटीवर आधी कधी चालला होता का?”

“मागच्या उन्हाळ्यात चालला होता की.”

“अन् पंप कुठाय?”

“घरी.”

“भाऊ, आजारी माणूस घरी ठेवला अन् त्याच्या शेजाऱ्याला दवाखान्यात आणलं तुम्ही.”

दुकानातले दोघे-तिघे हसले. मलाही हसू आले, पण बारा किलोचे ओझे आणले होते ते आठवून फारसे नाही.

चाचांनी जे समजावून सांगितले ते असे. पंपाच्या पाटीवरचा ३७३ वॅट हा आकडा मोटार देते त्या ताकदीचा. ती देण्यासाठी मोटार प्रत्यक्षात ओढते ५०० ते ६०० वॅट. शिवाय उभी मोटार फिरती करताना पहिल्या क्षणी ती चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट मागते. महावितरणच्या तारेला त्याचे काही वाटत नाही, पेटीला वाटते. १००० वॅटच्या पेट्यांपैकी पुष्कळ क्षणभर २००० वॅटपर्यंत तग धरतात, त्यापलीकडे नाही. म्हणजे निरोगी पंप असला तरी काम काठावरचेच. त्यात एकफेजी मोटारीला सुरुवातीचा धक्का द्यावयास कंडेन्सर असतो. तो कमजोर झाला किंवा पंपाचा पंखा गाळाने, गंजाने धरला की मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तो मोठा करंट ओढतच राहते. पेटी बिचारी अर्ध्या-एक सेकंदात दार लावून घेते. जिला आम्ही खराब म्हणत होतो, तिने पंपाची वाइंडिंगही वाचवली होती.

घरी फोन लावला. पंपाची पिन काढून मुलाने मागच्या बाजूने शाफ्ट फिरवून पाहिला. थोडा जड होता, पण फिरला. मग कंडेन्सरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा त्याने वाचून दाखविला. त्याच आकड्याचा नवा कंडेन्सर चाचांनी दिला, पैसे फक्त त्याचेच घेतले. बसवावयाचे काम वायरमनकडून करून घ्या, हे मात्र दोनदा बजावले; कारण पिन काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो आणि चांगला झटका देतो. संध्याकाळी पंखे-दिवे सगळे बंद ठेवून पंप लावला. पहिल्याच दाबाला उचलला.

आपल्या कारखान्यात गाळप चालू असताना टर्बाइन ट्रिप झाले तर शिफ्ट इंजिनिअर काय करतो? आधी कशाने ट्रिप झाले ते वाचतो, वहीत नोंदवितो, तेलाचा दाब पाहतो, मगच पुन्हा सुरू करतो. पेटीच्या आकड्याचे तसेच आहे. आकडा रोगाचे नाव सांगत नाही, पेटीने कशाला भिऊन दार लावले तेवढेच सांगतो. जादा भार, जादा व्होल्टेज, जादा उष्णता, रिकामी बॅटरी, बहुतेक आकडे यांपैकीच एखाद्याचे. कारण बाहेर असेल तर ते दूर करून पेटी बंद-चालू केली की आकडा जातो. सगळ्या पिना काढल्यावरही तोच आकडा टिकून राहिला, तरच आत काही बिघडले आहे असे समजावे आणि कंपनीच्या केंद्राकडे जावे. मात्र दर कंपनीचे आकडे निराळे असतात. एकीचा जो आकडा जादा भाराचा, तोच दुसरीचा उष्णतेचा असू शकतो. तेव्हा शेजाऱ्याच्या पेटीवरून आपल्या पेटीचे निदान करू नये. पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेतला तो तक्ता आमच्याकडे आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगला आहे.

व्होल्टेजची गोष्ट जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण इथे चूक झाली तर पेटी कायमची जाते. पेटी उन्हावर भरावयास सौर पॅनेल जोडतात. पेटीच्या मागे किती व्होल्टपर्यंत चालेल ते लिहिलेले असते, समजा १२ ते ६०. मोठ्या ५४० वॅटच्या एका पॅनेलचे खुले व्होल्टेज ५० च्या आसपास असते. ते एकटे चालून जाते. पण लवकर भरेल म्हणून कोणी दोन पॅनेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडली, तर व्होल्टेजची बेरीज होते आणि शंभराच्या घरात जाते. आकडा येऊन पेटी वाचली तर नशीब. दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र, अशी समांतर जोडणी केली तर व्होल्टेज तेवढेच राहते. आणखी एक बारकावा: थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. पॅनेलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो. मार्गशीर्षातल्या सकाळी १० अंश असेल तर त्यात चार-पाच टक्के अधिक धरावे. उन्हाळ्यात चाललेली काठावरची जोडणी थंडीत आकडा दाखवू लागते ती यामुळे.

उष्णतेचे निराळे सांगावयास नको. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश आणि वर पत्र्याचे शेड. या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांपलीकडे भरून घेत नाहीत. सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी, बाजूचे पंखे मोकळे ठेवावे. एका सोयऱ्यांनी माठासारखे पेटीवर ओले गोणपाट टाकले होते. माठाला ते चालते, पेटीला नाही.

हंगाम संपला की पेटी रिकामी करून माळ्यावर टाकणे हीही आपली सवय. सहा महिन्यांनी ती उठतच नाही. अर्ध्याच्या वर भरून ठेवावी आणि तीन महिन्यांनी एकदा भरावी. अगदी तळाला गेलेल्या बॅटरीला ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून धक्का देऊ नये. पेटी फुगली, गोडसर उग्र वास आला किंवा पाण्यात भिजली तर ती घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवावी. पाचट आणि कडब्याच्या गंजीपासून लांब. लिथियम बॅटरी पेटली तर सहज विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. त्या पोराने संरक्षणाचे सर्किट डायरेक्ट केले असते तर हा धोका मी दारात आणून ठेवला असता, हे शहागंजातून परत येताना एस.टी.त लक्षात आले.

विहिरीवरची ५ एच.पी.ची मोटार असल्या पेटीवर चालेल का, असे दोघांनी विचारले. चालणार नाही. ती तीन फेजची आणि ३७३० वॅटची. तिच्यासाठी सौर पंप आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते आणि पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. त्या पंपाच्या कंट्रोलरवरही असेच संदेश येतात. पहाटे किंवा ढगाळ हवेत कमी व्होल्टेज दाखविले तर तो बिघाड नव्हे, ऊन वर येऊ द्यावे. ‘ड्राय रन’ दिसले तर आधी विहिरीत डोकावून पाहावे. हमी चालू असताना कंट्रोलरचे झाकण आपण काढू नये.

राहता राहिली एक गोष्ट. लाइट नसताना पेटीची वायर दोन्हीकडून पिन लावून घरातल्या बोर्डात घुसविण्याची टूम निघाली आहे. तसे केले की पेटीचा करंट उलटा बाहेरच्या तारेत जाऊ शकतो आणि लाइट बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेततो. उलट अचानक लाइट आली तर पेटी जागेवर जळते. ज्या वस्तू चालवावयाच्या त्यांच्या पिना सरळ पेटीतच लावाव्यात.

आमचे रोहित्र नवव्या दिवशी बसले. तोवर वरची टाकी रोज सकाळी पेटीवरच भरत होती.