पैसे देऊन यंत्र ऐकावे काय?

गाणे ऐकायला पैसे मोजावे लागतात हे आपल्याला नवे नाही. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात आपण तिकीट काढूनच बसतो. पण समोर गवई नाही, नट नाही. लाखोंच्या मोलाची ध्वनियंत्रे तेवढी मांडलेली, आणि ती ऐकण्याबद्दल दाम द्यायचे! कुणीही म्हणेल, हा काय नवा उद्योग?

उद्योग तसा जुनाच. फोनोग्राफ नवा होता तेव्हा, १८९० च्या सुमारास, अमेरिकेत लोक यंत्रात नाणे टाकून कानाला नळी लावीत. जपानात टोकियो शहरी १९२६ साली 'लायन' नावाचे उपाहारगृह निघाले. तिथे लोक कॉफीच्या पैशात मोठमोठ्या कर्ण्यांवर संगीत ऐकत आले. आपल्याकडेही १९७५ च्या 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतीवर आवाजाच्या सहा पट्ट्या होत्या, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो आवाज ऐकलेली माणसे अजून त्याची गोष्ट सांगतात.

मग पैशांत मिळते काय? तंबोराच घ्या. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावतो. एवढा सखोल सूर काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. मोबाइलमधला नखाएवढा पडदा ती कुठून हलवणार? आपला कान मोठा हुशार. वरच्या सुरांवरून तो खालचा सूर ताडतो, म्हणून गाणे कळते. पण कळणे वेगळे आणि छातीला जाणवणे वेगळे. ज्याने जन्मभर मोबाइलवरच गाणे ऐकले, त्याला आपण काय गमावतो याचा पत्ताच नसतो. शिक्षकांनी तर हे आवर्जून ध्यानात घ्यावे, कारण आज बहुतेक मुलांचा कान त्याच पडद्यावर तयार होतो.

आणि यंत्राची पारख शहरी शौकिनालाच असते असे मानू नका. भजनात पखवाजाशेजारी बसणाऱ्याला डाव्या पुडीवरची कणीक ओली आहे की सुकली, हे थापेसरशी उमगते. असा माणूस यंत्र खरे बोलते की खोटे, हे चटकन सांगेल.

आता दुसरी बाजू. मुळात जे टिपलेच नाही, ते कितीही महाग यंत्र देणार नाही. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. त्याआधी गवई कर्ण्यापुढे तोंड करून गात, आणि खालचे बरेचसे सूर तबकडीवर उतरतच नसत. तिथे लाखाचे यंत्र फक्त खरखर अधिक स्वच्छ ऐकवील!

खोलीचेही तसेच. आपण म्हटलेल्या त्या खर्जाची एक लाट सुमारे पाच मीटर, म्हणजे सोळा फूट लांब असते. लहान खोलीत ती भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात घुमते, तर दुसरीकडे जवळजवळ नाहीशी होते. उघड्या भिंती नि वर पत्रा असला, तर शब्दांचाही काला होतो. पुष्कळदा यंत्रापेक्षा जाड पडदे, सतरंज्या नि पुस्तकांची कपाटे अधिक काम करतात. आणि ती स्वस्तात होतात.

एक मेखही सांगून ठेवतो. दोन यंत्रांतले जे किंचित मोठ्याने वाजते, ते कानाला सरस वाटते. दोन्हींचा आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नये, आणि विकणारा तसे करू देत नसेल तर पाकीट खिशातच ठेवावे.

माझ्या मते, आयुष्यात एकदा तरी असे तिकीट जरूर काढावे. शाळेसाठी किंवा मंडळासाठी यंत्र घ्यायचे असेल, तर त्याआधीच काढावे. वारंवार मात्र नको; तेवढ्या पैशांत एखादी बैठक ऐकावी. जाताना आपल्या भजनी मंडळाचे नीट केलेले ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे नि तेच लावायला सांगावे. विक्रेत्याने निवडलेले गाणे त्याच्या यंत्राला शोभणारेच असते.